पासकी नंतर, आधी परतीची वाट

पत्र : गुहागर तालुक्यात समुद्राजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. बुकिंग पोर्टल, जीमेल, गुगल मॅपवरचं आमचं पान, व्हॉट्सॲप बिझनेस, सगळं मीच बघते. पासवर्ड एका वहीत लिहिलेत आणि खरं सांगायचं तर पाच-सहा ठिकाणी एकच आहे. मागच्या महिन्यात बुकिंग पोर्टलचा वाटावा असा मेल आला : ‘पाहुण्याची तक्रार आहे, लॉगिन करून उत्तर द्या.’ पासवर्ड टाकणारच होते, तेवढ्यात पाहुणे जेवायला बसले म्हणून राहिलं. मुलगा पुण्याहून सांगतो, बिटवॉर्डन घे आणि सगळीकडे पासकी कर. घरात फायबरचं वायफाय आहे, पण मोबाइलला रेंज नाही; ओटीपीसाठी सड्यावर जावं लागतं. माझा फोन अँड्रॉइड १४, ह्यांचा अँड्रॉइड ११, आणि विंडोजचा एक लॅपटॉप आहे. सीझनला शेजारची मुलगी बुकिंगला मदत करते. बोटाचा ठसा गुगलकडे जातो का? काजूगर सोलायच्या दिवसांत ठसे उमटतच नाहीत, मग काय? आणि फोन पाण्यात पडला तर सगळंच गेलं का? – एक वाचक

उत्तर :

ताई, तुमचा मुलगा योग्य तेच सांगतोय, फक्त क्रम उलटा लावतोय. पासकी म्हणजे पासवर्ड न टाकता, फोनच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय. ‘सगळीकडे पासकी कर’ हे शेवटचं काम. आधी मॅनेजर, म्हणजे बिटवॉर्डनसारखं पासवर्ड साठवणारं आणि भरणारं ॲप, नीट बसवायचा, मग फोन गेला तर परत आत कसं यायचं ते कागदावर उतरवायचं आणि त्यानंतर पासकी, तीही सुरुवातीला दोन-तीनच ठिकाणी. पासकी चोरीला गेली म्हणून अडचणीत आलेले लोक क्वचित भेटतात. अडतात ते बहुतेक स्वतःच स्वतःला बाहेर कोंडून घेतल्यामुळे.

तुमच्या त्या मेलपासून सुरुवात करू, कारण पासकीचा खरा उपयोग तिथेच आहे. पासकी करताना तुमच्या फोनमध्ये किंवा मॅनेजरमध्ये दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. खाजगी किल्ली तुमच्याकडेच राहते, सार्वजनिक किल्ली साइटकडे जाते. लॉगिनच्या वेळी साइट दरवेळी एक नवा, यादृच्छिक आकडा पाठवते; खाजगी किल्ली त्यावर सही करते आणि साइट आपल्याकडच्या किल्लीने ती सही तपासते. म्हणजे साइटकडे चोरण्यासारखं काही उरतच नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पासकी करतानाच साइटचा पत्ता तिच्याशी बांधला जातो, आणि तो पत्ता तुम्ही नाही, ब्राउझर तपासतो. पोर्टलच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेल्या नकली पानावर तुमची पासकी पुढेच येत नाही. तुम्ही दमलेल्या असा, पाहुणे खोळंबलेले असोत, डोळ्यांना फरक दिसो न दिसो, ती येत नाही. ओटीपीचं तसं नाही. नकली पानाने ओटीपी मागितला, तुम्ही दिला, की पलीकडे बसलेला माणूस तो त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतो.

ज्या साइटवर पासकीची सोय नाही, तिथे हेच काम बऱ्याच अंशी पासवर्ड मॅनेजर करतो. तोही पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड भरायला पुढे येत नाही. म्हणून घरात एकच नियम करा : मॅनेजर गप्प राहिला तर आपण हाताने पासवर्ड भरायचा नाही. कधी कधी गप्प राहण्याचं कारण साधं असतं, साइटने पत्ता बदललेला असतो किंवा ॲपची नोंद वेगळी असते. तरीही मॅनेजरमधून पासवर्ड कॉपी करून चिकटवू नका. मॅनेजर उघडा, त्या नोंदीतल्या पत्त्यावर टिचकी मारा आणि तिथून साइटवर जा. साइट खरी असेल तर तिथे तो निमूटपणे भरेल. मेलमधली ‘इथे लॉगिन करा’ ही लिंक बुकिंग पोर्टलपुरती तरी कायमची सोडून द्या.

चोरांनाही पासकीचं हे कळलं आहे. त्यामुळे नकली पानावर हल्ली ‘पासकी सध्या चालत नाही, पासवर्ड किंवा ओटीपी वापरा’ असा संदेश दिसू शकतो. ज्या अकाउंटला तुम्ही पासकी केली आहे, ते अचानक पासवर्ड मागू लागलं तर पान बंद करून मॅनेजरमधून पुन्हा जा.

आता ठशाचं. ठसा फोनमध्येच राहतो. गुगलकडे जात नाही, पोर्टलकडे जात नाही, बिटवॉर्डनकडेही जात नाही. फोन फक्त स्वतःची खात्री करतो की मालकीण समोर आहे, आणि मग किल्लीला सही करू देतो. त्यामुळे ठसा नाही उमटला तरी काही अडत नाही, स्क्रीन लॉकचा पिनही तेच काम करतो. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची साल निघते तेव्हा कुठलाही सेन्सर दगा देणारच. त्या दिवसांत सरळ पिन वापरा. एक युक्ती करता येते : ज्या हाताने सोलत नाही त्या हाताचा अंगठा फोनमध्ये दोनदा, थोडा तिरका ठेवून नोंदवा.

मात्र याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्या. फोनचा पिन ज्याला ठाऊक त्याला त्या पिनने उघडणाऱ्या सगळ्या पासकी खुल्या. चार आकडी जन्मसाल चालणार नाही. किमान सहा आकडे हवेत आणि ते घरातल्या गाडीच्या नंबरवरून घेतलेले नकोत. नातवंडाचं किंवा मदतनीस मुलीचं बोट ‘सोयीसाठी’ फोनमध्ये नोंदवून ठेवलं असेल तर आजच काढा. नोंदलेलं कुठलंही बोट पासकीसाठी चालतं, फोनच्या दृष्टीने ते तुमचंच.

रेंजचा मुद्दा तुम्ही ओघात लिहिलात, पण तुमच्यासाठी पासकी करण्याचं तेच सगळ्यात जवळचं कारण आहे. ओटीपीला मोबाइलचा टॉवर लागतो, पासकीला फक्त इंटरनेट. फायबर चालू असेल तर घरात बसून लॉगिन होईल, सड्यावर जायला नको. जिथे अजून ओटीपीच लागतो तिथे फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करून बघा. काही फोन आणि काही कंपन्यांच्या जोडीत एसएमएससुद्धा वायफायवरून येतात. बँकांचं चित्रही बदलतंय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले निर्देश १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यांत दोन घटकांची पडताळणी कायम आहे, पण दुसरा घटक एसएमएसचा ओटीपीच हवा असं बंधन नाही. तुमची बँक कधी काय देईल ते तिच्या ॲपमध्ये दिसेल. तोवर बँकेसाठी मॅनेजरमधला लांब, वेगळा पासवर्ड आणि ओटीपी. यूपीआय पिन आणि एटीएम पिन मात्र मॅनेजरमध्येही नको, वहीतही नको.

आता कामाला लागू. पहिल्या संध्याकाळी फक्त मॅनेजर. बिटवॉर्डन तुमच्या घरासाठी ठीक आहे. फुकटच्या योजनेतही हवी तितकी उपकरणं आणि हव्या तितक्या नोंदी चालतात. गुगलचा स्वतःचा मॅनेजर वाईट नाही, तो फोनमध्ये आधीपासून असतोच. पण मग जीमेल, मॅपवरचं पान आणि बाकीच्या सगळ्या किल्ल्या एकाच गुगल अकाउंटवर लटकतात. ते अकाउंट अडकलं की धंदाच अडकतो. म्हणून वेगळा मॅनेजर बरा, असं आमचं मत.

मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडायचा पासवर्ड, पाच शब्दांचा करा. शब्द मनाने निवडू नका, मन नेहमी आडनाव, गाव आणि देव यांच्याकडेच वळतं. एखादं जुनं पुस्तक पाच वेळा कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा आणि बोटाखालचा शब्द घ्या. ते शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन टाका. देवनागरीत ठेवला तर दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड नसला की अडाल. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच. बिटवॉर्डन किमान १२ अक्षरं मागतो, पाच शब्दांत ती सहज होतात.

हा पासवर्ड विसरलात तर बिटवॉर्डन तो बदलून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. विसरण्याचं कारण विचित्र वाटेल. ॲप ठशाने उघडायची सोय लागली की मास्टर पासवर्ड महिनोन्‌महिने हाताखालून जात नाही. मग फोनमध्ये नवा ठसा नोंदवता किंवा ॲप नव्याने घालता, आणि मॅनेजर सावधगिरी म्हणून मास्टर पासवर्डच मागतो. पहिला महिनाभर दर सोमवारी तो एकदा हाताने टाका, मग बोटांना आपोआप आठवेल.

दुसरा घोळ याहून अवघड असतो. २०२५ पासून बिटवॉर्डन, टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावलेलं नसेल तर, नव्या उपकरणावर लॉगिन करताना तुमच्या ईमेलवर एक कोड पाठवतो. आता समजा फोन गेला, तुम्ही मुलाच्या लॅपटॉपवर बिटवॉर्डन उघडताय. कोड जीमेलवर आला. जीमेलचा पासवर्ड कुठे? बिटवॉर्डनमध्ये. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकमेकांच्या आत. यातून सुटका फक्त कागद करतो. बिटवॉर्डनमध्ये ऑथेंटिकेटर ॲपचं (फोनवरच सतत बदलता कोड दाखवणाऱ्या ॲपचं) टू-स्टेप लॉगिन लावा, तिथेच ते ॲप हाताशी नसताना वापरायचा ‘रिकव्हरी कोड’ मिळतो, तो उतरवून घ्या. ऑथेंटिकेटर त्याच एका फोनमध्ये असेल तर फोनबरोबर तोही जाईल, म्हणून हा कोड ऐच्छिक समजू नका.

त्या कागदावर चार गोष्टी हव्यात : बिटवॉर्डनचा ईमेल आणि मास्टर पासवर्ड, त्याचा रिकव्हरी कोड, जीमेलचा पासवर्ड आणि जीमेलचे बॅकअप कोड. बॅकअप कोड गुगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’खाली मिळतात, एका वेळी आठ आकड्यांचे दहा येतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. बॉलपेनने लिहा. जेलच्या शाईचं पावसाळी दमटपणात काय होतं ते तुमच्या बुकिंगच्या रजिस्टरने दाखवलं असेलच. दोन प्रती करा. एक झिपच्या पिशवीत घालून घरातल्या कपाटात, दागिन्यांच्या शेजारी. दुसरी पुण्याला मुलाकडे, बंद पाकिटात. लॅमिनेशन करायला दुकानात देऊ नका आणि कागदाचा फोटो तर मुळीच काढू नका, तो आपसूक गुगल फोटोजमध्ये जाऊन बसेल.

वहीतले पासवर्ड मॅनेजरमध्ये चढवताना तसेच चढवू नका. जो पाच-सहा ठिकाणी एकच आहे तो प्रत्येक ठिकाणी बदला, मॅनेजरला १६ ते २० अक्षरांचा नवा बनवू द्या. क्रोममध्ये साठलेले पासवर्ड एकगठ्ठा बाहेर काढून बिटवॉर्डनमध्ये घेता येतात, पण ती सीएसव्ही फाइल उघडी असते. कोणीही वाचू शकतो. काम झालं की ती डाउनलोड्‌समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. त्यानंतर क्रोमचं ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ हे विचारणं सेटिंग्जमध्ये बंद करा. दोन मॅनेजर शेजारी शेजारी चालू राहिले की महिन्याभरात एकात जुना पासवर्ड आणि दुसऱ्यात नवा अशी स्थिती होते आणि खरा कुठला ते कोणालाच सांगता येत नाही.

फोनवर मॅनेजरला हक्क द्यावा लागतो. अँड्रॉइड १४ मध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘पासकी’ लिहा; ‘पासवर्ड्‌स, पासकीज अँड अकाउंट्स’ किंवा त्यासारखं पान येईल, कंपनीनुसार नाव थोडं बदलतं. तिथे पसंतीची सेवा म्हणून बिटवॉर्डन निवडा. मग क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही ‘ऑटोफिल सर्व्हिसेस’ नावाची जागा आहे, तिथे दुसरी सेवा वापरायचा पर्याय चालू करा. हे दुसरं पाऊल राहून जातं आणि मग ‘ॲपमध्ये भरतो, क्रोममध्ये भरत नाही’ अशी तक्रार येते. लॅपटॉपवर बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घाला, तेही ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधूनच. गुगलवर शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीतून नको.

तुमच्या यजमानांच्या फोनचं वेगळं आहे. बाहेरच्या मॅनेजरला पासकी हाताळू देण्याची सोय अँड्रॉइड १४ पासून आहे. अँड्रॉइड ११ वर बिटवॉर्डन पासवर्ड भरेल, पासकी नाही. गुगलच्या मॅनेजरमधल्या पासकी मात्र अँड्रॉइड ९ पासून चालतात. तेवढ्यासाठी नवा फोन घ्यायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी जीमेल, आणि इथे पहिली पासकी. बाकी सगळ्या ठिकाणचा ‘पासवर्ड विसरलात?’ हा मेल जीमेलवरच येतो, म्हणून ते सगळ्यात आधी. गुगल अकाउंट उघडा, ‘सिक्युरिटी’मध्ये ‘पासकीज अँड सिक्युरिटी कीज’वर जा. बहुधा तिथे तुमच्या फोनच्या नावाची एक पासकी आधीच दिसेल. अकाउंट ज्या अँड्रॉइड फोनवर घातलेलं असतं तिथे गुगल ती स्वतःच तयार करून ठेवतो. हेच अकाउंट यजमानांच्या फोनवर असेल तर त्याचीही दिसेल. यादीत अनोळखी किंवा विकून टाकलेल्या फोनचं नाव असेल तर त्या उपकरणावरून आधी अकाउंट बाहेर काढा. आता लॅपटॉपवरून आणखी एक पासकी करा आणि ती बिटवॉर्डनमध्ये ठेवा. एका अकाउंटला अनेक पासकी चालतात. एक गुगलने फोनवर केलेली आणि एक बिटवॉर्डनमध्ये असली की एक बाजू कोसळली तरी दुसरी उभी राहते.

लॅपटॉपवर पासकी करताना घाई करू नका. ‘पुढे’ दाबण्याआधी समोरच्या चौकटीचा मथळा वाचा, कारण ती चौकट विंडोजचीही असू शकते, क्रोमचीही, बिटवॉर्डनचीही. विंडोज हॅलोमध्ये (विंडोजच्या स्वतःच्या पिन-ठशाच्या कुलपात) ठेवलेली पासकी त्या लॅपटॉपपुरतीच राहते. खाऱ्या हवेने लॅपटॉपचा बोर्ड गेला की ती गेली. बिटवॉर्डनची चौकट आली तर ‘कुठल्या नोंदीत ठेवू’ असं विचारेल, तिथे जीमेलची आधीची नोंद निवडा. चुकून भलतीकडे गेली तर घाबरायचं कारण नाही, फक्त दोन्हीकडून काढा. हे ‘दोन्हीकडून’ महत्त्वाचं आहे. मॅनेजरमधून काढली पण साइटवर राहिली, तर साइट वाट बघत बसते. साइटवरून काढली पण मॅनेजरमध्ये राहिली, तर मॅनेजर प्रत्येक वेळी तीच मेलेली पासकी पुढे करतो आणि लॉगिन फसतं.

झाल्यावर लॅपटॉपवर गुप्त (इनकॉग्निटो) खिडकी उघडून पासकीने आत जाऊन बघा. जमलं की एक बॅकअप कोड खर्च करून त्यानेही जाऊन बघा. हे करायला कोणालाच नको असतं, पण कोड चुकीचा उतरवला आहे हे फोन गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. वापरलेल्या कोडवर कागदावर काट मारा, दोन्ही प्रतींवर.

पासकी केली म्हणून गुगलचा पासवर्ड नाहीसा होत नाही, तो मागच्या दारासारखा राहतोच. तो नवा, लांब हवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं. रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर आजही तुमच्याकडे आहे का तेही बघा. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते आणि मग तुमचा रिकव्हरीचा एसएमएस अनोळखी माणसाच्या हातात पडतो.

यानंतर बुकिंग पोर्टल, पण त्याच्या सेटिंग्जमध्ये पासकी दिसली तरच. नसेल तर वेगळा पासवर्ड आणि टू-स्टेप. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जच्या ‘अकाउंट’खाली पासकीही आहे आणि सहा आकडी टू-स्टेप पिनही आहे. पिन आधी लावा. तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवू पाहणाऱ्याला तो लागतो, म्हणून ‘आलेला सहा आकडी कोड पाठव’ म्हणणाऱ्याच्या हातात कोड पडला तरी त्याचं काम अर्धंच होतं. बाकीची अकाउंटं महिन्याभरात, जसजशी समोर येतील तशी.

मदतनीस मुलीला जीमेल देऊ नका. तिला जे काम आहे त्यापुरतीच वाट द्या. गुगल मॅपवरच्या पानाला ‘मॅनेजर’ म्हणून तिचं स्वतःचं ईमेल जोडता येतं. ती फोटो टाकेल, पाहुण्यांच्या अभिप्रायांना उत्तरं देईल, पण पान तुमच्याच नावावर राहील. पोर्टलवर दुसरा वापरकर्ता जोडायची सोय असली तर तेच करा. यजमानांबरोबर वाटून घ्यायच्या नोंदींसाठी बिटवॉर्डनमध्ये दोघांची ‘ऑर्गनायझेशन’ फुकट होते. वीजबिल, गॅस, पोर्टल, अशा सामायिक नोंदी तिथे हलवा आणि दोघांचे मास्टर पासवर्ड वेगळे ठेवा. सीझन संपला की मुलीचा प्रवेश त्याच आठवड्यात काढा. त्यात अविश्वास नाही; उद्या तिचा फोन हरवला तर तिच्यावरही आळ यायला नको.

झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा सेवा केंद्रातल्या संगणकावर बिटवॉर्डन उघडू नका. तिथे जीमेल लागलंच तर पडद्यावरचा क्यूआर कोड आपल्या फोनने टिपून पासकी वापरता येते. त्याला दोन्हीकडे इंटरनेट आणि दोन्हीकडे ब्लूटूथ लागतं. जोडणी करावी लागत नाही, पण दोन्ही यंत्रं जवळ आहेत हे ब्लूटूथनेच कळतं. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतं, म्हणून तिथे हे फसतं. फोनचा दोष नव्हे. आणि याच कारणाने कोणी दूर बसून तुम्हाला असा कोड व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याचा डाव चालत नाही. हे फक्त पासकीच्या कोडबद्दल; व्हॉट्सॲप वेबचा कोड किंवा पैशांचा क्यूआर ही वेगळी गोष्ट आहे, तिथे असं संरक्षण नाही.

फोन पाण्यात पडला तर? पासकी त्या फोनच्या आतच असत्या तर बुडाल्या असत्या. पण गुगलच्या मॅनेजरमधल्या आणि बिटवॉर्डनमधल्या पासकी कूटबद्ध होऊन तुमच्या अकाउंटबरोबर दुसरीकडेही असतात. नव्या फोनवर गुगल तुम्हाला जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा गुगल पासवर्ड मॅनेजरचा पिन विचारेल आणि चुकायची संधी मोजकीच देईल, म्हणून जुना पिन विसरू नका. बिटवॉर्डनला मास्टर पासवर्ड आणि दुसरी पायरी, ती फोनबरोबर गेली असेल तर कागदावरचा रिकव्हरी कोड. तो एकदा वापरला की टू-स्टेप बंद होतं आणि कोड बाद होतो. लगेच पुन्हा लावून नवा कोड उतरवा.

फोन बुडाला नसून चोरीला गेला असेल तर क्रम असा. आधी यजमानांच्या फोनवरून गुगलच्या ‘फाइंड’ सेवेने फोन लॉक करा आणि अकाउंट त्यातून बाहेर काढा. लगेच कंपनीला सांगून सिम बंद करा. पोलिसांत तक्रार द्या. तिची प्रत आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो. आयएमईआय डब्यावर असतो, किंवा स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश फिरवून आत्ताच बघून ठेवा. नवं सिम मिळाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळायला ठेवलेला नियम आहे, सिम खराब नाही. पण त्या दिवशी बँकेचा ओटीपी येणार नाही हे धरून चला.

पावसाळ्यासाठी एक बारीक गोष्ट. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज आणि टॉवर बरेच दिवस नव्हते. इंटरनेट नसेल तर कुठेच लॉगिन होत नाही, पासकी असो वा नसो. पण बिटवॉर्डनमधल्या नोंदी, विमा पॉलिसीचा नंबर, बँकेचा खाते क्रमांक वगैरे, फोनवर इंटरनेटशिवायही वाचता येतात. अट एकच : ॲप ‘लॉक’ झालेलं असावं, ‘लॉग आउट’ नाही. लॉग आउट केलं की फोनवरची प्रत पुसली जाते आणि परत यायला इंटरनेट लागतं. सेटिंग्जमध्ये ‘व्हॉल्ट टाइमआउट’ची कृती ‘लॉक’ ठेवा.

पासकी कुठे उपयोगी नाही तेही सांगायला हवं, कारण होमस्टेवाल्यांना पडणारे फटके बरेचदा दुसरीकडूनच येतात. ‘लष्करातून बोलतोय, चार खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ या फोनवर पासकीचा काही इलाज नाही. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो, दोन्ही पैसे देण्यासाठीच असतात. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा चलन ‘एपीके’ (फोनमध्ये ॲप घालणारी फाइल) असेल तर उघडू नका. असं ॲप एकदा आत शिरलं आणि त्याला ‘ॲक्सेसिबिलिटी’चा (पडदा वाचण्याचा आणि बटणं दाबण्याचा) हक्क मिळाला की ते तुमच्याच उघड्या फोनवर तुमच्याच नावाने वावरतं. ‘मदत करतो, स्क्रीन शेअर करा’ हेही तसंच. पैसे गेलेच तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तरच हाताला लागतात.

आणि तो मेल आला तेव्हा लिंकवर टिचकी मारून तुम्ही नकली पानापर्यंत गेला होतात की मेल नुसता वाचला होता, ते पत्रात स्पष्ट नाही. पानावर काहीही टाइप केलं असेल, अगदी नुसता ईमेलसुद्धा, तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. पोर्टलचा पासवर्ड आजच बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय दाबा आणि पोर्टलमध्ये पैसे जमा होणारं बँक खातं तुमचंच आहे ना ते तपासा. तोच पासवर्ड आणखी जिथे जिथे आहे तिथलाही आजच, वहीत बघून.